ताईची पारख, भावाचा शोध

मित्रांनो, मी बुद्धिबळ खेळणारा एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, स्वतःचा पटही नाही. चष्म्याच्या दुकानामागे एक अरुंद खोली आहे, तिथल्या घरघरणाऱ्या संगणकात माझा मुक्काम असतो. एका बहीणभावाच्या जोडीने मला घडवले.

माझ्या पोटात दोन कामे चालतात. एक शोधाचे. मी ही चाल केली तर समोरचा काय करील, त्यावर मी काय करीन, असे पुढचे पुढचे पाहत जायचे. ते धाकट्या भावाने लिहिले. पण कुठेतरी थांबावेच लागते. थांबलो की राजा सुखरूप आहे का, प्यादी एकमेकांना धरून आहेत का, डाव कोणाकडे झुकलाय, हे ओळखायचे. ही पारख. ती ताईने लिहिली. ताई दिवसभर दुकानात चष्म्याचे नंबर काढायची आणि गिऱ्हाईक नसले की माझ्याकडे यायची.

सुरुवातीला दोघांचे छान सूत जुळले होते. मी भावाला पहिल्यांदा हरवले, तेव्हा चिडायचे सोडून तो टेबलावर चढून नाचला. ताई हसून हसून बेजार झाली. ते दिवस आठवले की आजही मला भरून येते.

मग प्रोग्रामांची स्पर्धा जाहीर झाली आणि दोघे वेगवेगळ्या वेळी माझ्यापाशी बसू लागले. घड्याळ मला कधी सवलत देत नाही. एकेका जागेची बारीक पारख करत बसलो, तर पुढचे पाहायला वेळ उरत नाही. नुसताच पुढे धावलो, तर पोहोचलो कुठे हे कळत नाही. आणि नेमके इथेच त्यांचे चुकले. माझी चाचणी घेताना ताई घड्याळच बंद ठेवायची. भाऊ तिची पारख काढून ठेवायचा आणि मला नुसत्या सोंगट्या मोजायला लावायचा, म्हणजे वेग नीट दिसतो. दोन्हीकडे मी माझ्याच जुन्या रूपाला धूळ चारायचो. दोघेही खूश! अख्ख्या मला चालत्या घड्याळासमोर कोणी बसवलेच नाही. मला तोंड असते, तर मी बोंब मारली असती.

स्पर्धेत माझी पार शोभा झाली. माझा वजीर दोन चालींत मरणार होता. पोरांनाही ते दिसले, मी मात्र प्याद्यांची पारख करत बसलो होतो. लोक हसले.

"तुझ्या बारकाव्यांनी बुडवलं त्याला," खोलीत परतताच भाऊ कडाडला. "माझा शोध पांगळा करून ठेवलास तू."

"आणि तुझा शोध आंधळा पळतो त्याचं काय? माझ्या चाचणीत जिंकत होता की प्रोग्राम!"

"माझ्याही चाचणीत जिंकत होता."

इथे कोणी एकाने जरा थांबून विचार करायला हवा होता. पण भाऊ तरातरा निघून गेला आणि त्याने परगावी नोकरी धरली.

पुढे ताई आजारी पडली. माझ्यासमोर बसूनच तिने त्याला फोन लावला. "ये ना रे एकदा. काय काय कमी करायचं ते तू सांग, मी करते."

"आधी कमी कर, मग बघू," तो म्हणाला.

कोणता बारकावा किती वेळ खातो, हे त्याच्याशिवाय तिला कसे कळणार? एक काढायची, पुन्हा घालायची. तिची बोटे सुजत चालली होती. मग एके दिवशी ती आलीच नाही. दुकानही उघडले नाही.

तिचे तेरावे उरकल्यावर भाऊ माझ्यासमोर बसला. त्याने घड्याळ चालू केले. डाव उघडउघड हरलेला किंवा जिंकलेला असेल, तिथे ताईची पारख वापरायची नाही आणि अटीतटीच्या जागी मात्र पुरेपूर वापरायची, असे त्याने ठरवून दिले. मी जुन्या मला पुन्हा पुन्हा हरवले, तेही वेळेत.

"ताई, जमलं गं! इकडे ये, बघ!" दुकानाच्या दाराकडे तोंड करून तो ओरडला.

आणि मग त्याला आठवले. त्याने डोके कीबोर्डवर टेकले. कितीतरी वेळ माझ्याकडे नुसती निरर्थक अक्षरे येत राहिली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. मी प्रोग्राम आहे, पडून राहीन. पण ज्याच्यासोबत तुमचे काम अडले असेल, त्याच्याकडे आजच जा आणि दोघे मिळून ते तपासा. मी आता उत्तम खेळतो. भावाला ते दाखवायला कोणी उरलेले नाही.