ताटातल्या तांदळावरचं नाव

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, जिथं आपलं जमलं ते कॉलेज एकदा बघून येऊ, असं अर्पिताला मीच म्हणालो. दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोय नाही. सोलापूरहून निघालो, अणदूरला चहा घेतला आणि जळकोटच्या वाटेवरच्या आमच्या कॉलेजात अकराला पोचलो. त्याच दिवशी तिथं माजी खेळाडूंचा मेळावा होता. माहीत असतं तर मी पुढचा रविवार धरला असता.

"अयोध्या! अरे, अयोध्या आली बघा!"

मैदानावरून योगीराज धावतच आला. हा मुलांच्या खो-खो संघाचा कॅप्टन. मुलींची कॅप्टन अयोध्या, म्हणजे माझी बायको. माहेरचं तिचं नाव हेच. योगीराज पन्नाशीला आला तरी त्याला पोट म्हणून नाही. मी आपला शर्ट खाली ओढला.

"काय गं, ओळखतीस का न्हाय?"

"तुला न ओळखून कसं चालंल!" ती म्हणाली आणि खळखळून हसली.

त्याला 'तुला', मला मात्र सव्वीस वर्षं 'अहो'. आणि असं हसणं आमच्या घरात मी कधी ऐकलं होतं, ते काही केल्या आठवेना.

खरं सांगतो, ही आग जुनीच आहे. कॉलेजात असताना ती पळायला उतरली की सगळं मैदान तिच्या नावानं ओरडायचं. मीही कुंपणापाशी उभा राहून घसा फोडायचो, पण त्या गलक्यात माझा आवाज तिला कुठला ऐकू जायला! जिच्यावर माझा जीव, तिचं नाव गावभर पोरांच्या तोंडात. मला ते सोसायचं नाही. लग्न झालं, ती घरात आली, ताटात तांदूळ पसरले, आई म्हणाली, "लिही तुझ्या मनासारखं." मी अंगठीनं लिहिलं, अर्पिता. हे नाव कुणाच्याच तोंडात नव्हतं, ते फक्त माझं होतं. पाहुण्यांनी कौतुक केलं. तिनं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि थोडीशी हसली. नाव आवडलं, असं मी धरून चाललो.

मेळाव्यात जुन्या खेळाडूंचा सामना होता. नावं लिहून घेत होते. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तिनं लिहिलं, 'अयोध्या बंडप्पा'. वडिलांचं नाव लावलं आणि माझा कुठं पत्ताच नाही! योगीराजनं ते माइकवर वाचलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनं पदर खोचला, चपला काढल्या आणि मैदानात उतरली. दोन मिनिटं कुणाच्या हाताला लागली नाही. गुडघे दुखतात म्हणून घरी जिना टाळणारी बाई!

तिच्या संघातली शिवलीला माझ्या शेजारी उभी होती. मला खालीवर न्याहाळून म्हणाली, "तुम्ही अयोध्याचे मिस्टर व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

खेळ संपवून अर्पिता धापा टाकत माझ्याकडं आली, तेव्हा मी तिला गाडीपाशी नेलं. मला राहवलं नाही.

"योगीराजबरोबर बरं जमतं तुझं."

"त्याचा काय संबंध? त्याला नातू झालाय."

"मग त्याच्या हाकेवर एवढी का फुलतीस?"

ती पदरानं घाम पुसत राहिली. ती गप्प बसली की मला जास्त बोलावं लागतं. बोलता बोलता इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं. "तुझं नाव मी जळून बदललं. सगळे तेच घ्यायचे. मला सहन होत नव्हतं."

"माहीत हाय मला."

"कधीपासून?"

"ताट बघितलं तवाच. तुमचं तोंड सांगत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"नव्या सुनेनं भरल्या घरात काय बोलायचं? तुम्ही कधीतरी विचारताल, आवडलं का नाव, म्हणून वरीसभर वाट बघितली. मग सोडून दिलं."

मला खरोखर लाज वाटली. पण लाजेतही माझा हिशेब सुटत नाही. वाटलं, योगीराजचं काम आता आपणच करावं. मोठ्या मनानं म्हणालो, "झालं ते झालं. आजपासून मी तुला अयोध्याच म्हणणार."

"तुम्ही नका म्हणू."

"का? त्यानं म्हटलेलं चालतं!"

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ह्या लोकांनी हाक मारली की मला मी आठवते. तुम्ही मारली की ते ताट आठवंल."

तेवढ्यात मैदानातून योगीराज ओरडला, "अयोध्या, फोटो काढायचाय गं!"

ती लगेच वळली.