तिरफळ

दिव्याने पहिला घोट घेतला आणि ग्लास उजेडाकडे धरला. रंग हवा तसाच होता, तांबूस लाल. दुसऱ्या घोटाला मात्र तिने ओठांवरून जीभ फिरवली.

"निकेत, ह्यात तिरफळ घातलंस? आणि माका सांगलंस पण नाय!"

निकेत काउंटरच्या मागे उभा होता, तो तसाच राहिला. "मी कायच घालूक नाय."

"जीभ बघ कशी झिणझिणता ती. बांगड्याचा तिकला खाल्ल्यासारखी. पण झकास लागता हां."

दिव्याचं मालवणात हॉटेल होतं. कसालजवळच्या काजूच्या बागेत निकेतने टाकलेल्या छोट्या ब्रूअरीची ती पहिली गिऱ्हाईक. तिची जीभ चुकत नसे. निकेतने स्वतः ग्लास उचलला. भाजलेल्या माल्टचा गोडवा, मागाहून थोडा कडवटपणा, आणि मग जिभेच्या टोकाला मुंग्या. तिरफळच, मासळीच्या कालवणात पडतं ते. दिव्या गेल्यावर तो दार लावून खुर्चीत बसून राहिला.

ही रेड एल बियर दोघांची होती. दुसरा सत्यवान, देवबागचा, बोटीवर वाढलेला. गेल्या ऑक्टोबरात टाकी उकळत असताना तो मूठभर सुकं तिरफळ घेऊन आला होता. निकेतने त्याचं मनगट धरलं.

"बियरीची आमटी करतंस काय?"

"एकदा घालून तर बघ रे."

"मी जितो आसंपर्यंत नाय."

सत्यवान हसला आणि तिरफळ खिशात टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो भावाच्या बोटीवर गेला. वारा अचानक फिरला, बोट उलटली. भाऊ आणि खलाशी पोहत किनाऱ्याला लागले. सत्यवान सापडला नाही. सहा महिने झाले होते.

निकेतने ती सगळी बियर ओतून टाकली. टाक्या दोनदा धुतल्या, नळ्या बदलल्या, माल्टचं नवीन पोतं फोडलं. पाणीसुद्धा दुसऱ्या विहिरीचं आणलं. तीन आठवडे शेडची किल्ली त्याने कुणाच्या हाती दिली नाही. एका रविवारी भर दुपारी, बाहेर रखरखीत ऊन असताना, त्याने नळ उघडून अर्धा ग्लास भरला.

घोट गिळेपर्यंत काहीच नाही. त्याला हायसं वाटलं. आणि मग जीभ हळूहळू बधिर होत गेली, टोकापासून मागे, पहिल्यापेक्षा जास्त. शेडमध्ये ओल्या जाळ्याचा वास आला आणि गेला.

त्याने एक बाटली भरली आणि थेट देवबाग गाठलं.

सत्यवानची बायको किशोरी पडवीत सुकी मासळी निवडत होती. निकेतने काही न सांगता बाटली पुढे केली. "वयनी, जिभेक लावून बघ फक्त."

तिने झाकणात थोडी ओतून घेतली. डोळे मिटले. झाकण पुन्हा जिभेला लावून बघितलं.

"म्हणजे तुझ्याकडे पण येता," ती शेवटी म्हणाली.

"काय येता?"

"तो गेल्यापासून मी कढीत तिरफळ घालूचा सोडलंय. घरात एक दाणो नाय. तरी जेवताना माझ्या जिभेर येता. सासूक सांगलंय तर म्हणाली, तुका भास होता."

 निकेतने तिला त्या मुठीची, धरलेल्या मनगटाची गोष्ट सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती. किशोरी ऐकत राहिली. मग उठून शेजारणीकडे गेली आणि पदरात तिरफळ घेऊन आली.

"चल. तेचो हट्ट पुरो करूया."

त्याच संध्याकाळी ब्रूअरीत टाकी तापली. किशोरीने स्वतःच्या हाताने तिरफळ माल्टच्या उकळत्या रसात सोडलं. वास असा उसळला की निकेतला दार उघडावं लागलं.

तीन आठवड्यांनी दोघांनी तिथेच समोरासमोर बसून ग्लास उचलले. माल्टचा गोडवा, किंचित कडवटपणा. निकेत थांबला. पुन्हा घोट घेतला. जिभेला काहीही नव्हतं. मूठभर तिरफळ उकळलेल्या त्या बियरीत तिरफळाचा मागमूसही नव्हता. दोन वर्षं त्याला जशी करायची होती, अगदी तशी ती झाली होती.

किशोरी ग्लासात पाहत होती. तिने अजून एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला.

"गेलो तो," ती म्हणाली.

 निकेतला आनंद व्हायला हवा होता, पण ग्लास काही त्याला संपवता आला नाही.

घरच्यांनी आठ महिने कितीही समजावलं तरी किशोरीने सत्यवानचे दिवस करू दिले नव्हते. मृतदेह सापडल्याशिवाय कुणी त्या विधींचं नाव काढायचं नाही, असं तिने सासऱ्यांना बजावलं होतं. निकेत तिला गाडीने देवबागला सोडायला निघाला. चौके गावाच्या पुढे आल्यावर ती म्हणाली, "भावजी, उद्या भटजींकडे माझ्यावांगडा येतंस?"

"येतंय," निकेत म्हणाला.