पिठावरची पावलं

फोरमन रिटायर झाले, पण फोरमनकी काही सुटली नाही. हाताखाली माणसं उरली नाहीत म्हणून त्यांनी परसात जाळीचा मोठा पिंजरा बांधला आणि चाळीस बजरीगर पक्ष्यांवर अंमल सुरू केला. दाणे घड्याळ लावून, पाणी घड्याळ लावून. त्यामुळे एका सकाळी घरट्यात दोन पिल्लं कुरतडलेली सापडली, तेव्हा चूक आपली असेल हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

"उंदीर तुमच्याकडून येतात," त्यांनी कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या सिस्टरना सुनावलं. "ती दाण्यांची ताटली काढा आधी."

सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. त्यांचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. त्याला खिडकीतून चिमण्या दिसाव्यात म्हणून त्या भिंतीवर दाणे ठेवत आणि तिथे नुसता बाजार भरे.

"सिद्ध करून दाखवा," सिस्टर म्हणाल्या, "लगेच काढते."

"दाखवतो की! उद्या सकाळी या."

संध्याकाळी फोरमननी भिंतीच्या कडेनं पिठाचा पातळ थर पसरला. उंदीर आला की पावलं उमटणार. उरलेलं पीठ पिंजऱ्यामागे, दाण्याच्या पिंपाभोवती टाकलं.

"तिकडे कशाला?" बायकोनं विचारलं.

"न्याय म्हणजे न्याय," फोरमन ऐटीत म्हणाले.

सकाळी पाहिलं, तर भिंतीकडचं पीठ जसंच्या तसं. पिंपाभोवती मात्र पावलंच पावलं, मधून शेपट्यांच्या रेघा. पिंपाचं वाकलेलं झाकण बदलायचं काम महिनाभर उद्यावर चाललं होतं. फोरमननी पिंप सरकवलं. खाली मुठीएवढं बीळ आणि त्याच्यावर पिंजऱ्याची जाळी गंजून फाटलेली. तेवढ्यात फाटक वाजलं आणि या गृहस्थांनी काय करावं? खराटा उचलला आणि पिंपामागचं पीठ झाडलं, भिंतीकडचंही झाडलं.

"वाऱ्यानं उडालं सगळं," ते सिस्टरना म्हणाले.

सिस्टरनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "रोजची कटकट नको. काढते ताटली."

नको, राहू दे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. फोरमननी मान हलवली, तीसुद्धा होकारार्थी!

नंतर त्यांनी चोख काम केलं, यात वाद नाही. बीळ खणून बुजवलं. अर्ध्या इंचाची नवी जाळी हातभर खोल पुरली. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा आणला, सांडलेले दाणे रोज संध्याकाळी गोळा केले, पिंजऱ्याबाहेर सापळे लावले. चार उंदीर सापडले. नवीन पिल्लं वाचली. बायकोनं तोंड भरून कौतुक केलं आणि फोरमनना घास गिळवेना. भिंतीवर चिमण्या येत, रिकाम्या जागी टोचून पाहत आणि उडून जात. ते मान खाली घालून दुसरीकडे वळत. स्वतःची इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

बाराव्या दिवशी ते सिस्टरच्या दारात उभे राहिले.

"उंदीर माझेच होते," ते म्हणाले. "पीठ मी झाडलं. वारा नव्हता."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुमच्या हातात खराटा होता. कोपरापर्यंत पीठ होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुम्हीच बोलाल. आज बोलाल, उद्या बोलाल." सिस्टरनी फडताळातून ताटली काढून त्यांच्या हातात दिली. "मला सांगितलंत, बरं झालं. आता आत जाऊन यांना सांगा. यांना वाटतंय, यांच्या खोकल्याला घाबरून चिमण्या गेल्या."

फोरमन आत गेले. खिडकी थोडी उघडी होती. पलंगावरचा माणूस बाहेर नजर लावून पडला होता, आणि खोकल्याची उबळ आली तशी त्यानं दोन्ही हातांनी टॉवेल तोंडावर दाबून धरला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. त्याचे खांदे नुसतेच गदगदत होते.

फोरमननी ताटली खाली ठेवली. पलंगाशी गुडघे टेकून त्यांनी टॉवेल हळूच बाजूला केला.

"खोका हो," ते म्हणाले. "मोकळेपणानं खोका. चिमण्या मी घालवल्या."