दोष आढळला नाही

बाबा नापास झाले. आमच्या घरात मात्र ही गोष्ट घडलेलीच नाही. आईने तसा ठरावच केला आहे, त्यामुळे निकाल अजून लागायचा आहे असं धरूनच सांगते.

सकाळी साडेदहाला बाबा परीक्षा केंद्राच्या आवारातल्या बाकावर बसून तिसऱ्यांदा विचारत होते, "अगं, पान्याची व्याख्या विचारली तर?"

"पाना दाखवा."

त्यांना हसू आलं नाही. सव्वीस वर्षं इस्पितळाचे पंप सांभाळणारा माणूस व्याख्या पाठ करत होता. नवा नियम असा, की एक तारखेपासून पंपघरात प्रमाणपत्रवालाच माणूस. बाकीच्यांनी घरी बसावं. शिक्षण नाही पण हातात काम आहे अशांसाठी सोयही होती: येतं ते करून दाखवा, कागद घेऊन जा.

अर्ज मीच भरला. 'कामाचा पुरावा म्हणून छायाचित्र जोडावे.' बाबांचा कामावरचा एकच फोटो निघाला, त्यात नुसती पाठ. कार्यालयाने विचारलं, चेहरा कुठे आहे? मी कळवलं, पंपात.

बाकासमोरच परीक्षेचा पंप चालू होता. पोटात खडे भरल्यासारखा खडखडत होता आणि पाणी फेकण्याऐवजी थुंकत होता. परीक्षक चहाला गेलेले. बाबांचा गुडघा हलायला लागला.

"हवा ओढतोय."

"ओढू द्या. तुम्ही पण जरा ओढा."

"अगं, जळेल ना बिचारा!"

मी तोंडावर पाणी मारून आले, तर बाबा रुमालाला हात पुसत बसले होते. आठवड्यात पहिल्यांदाच चेहऱ्यावर रंग. पंप गुमान पाणी फेकत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी म्हटलं, चला, माणूस शांत झाला.

अकराला परीक्षक आले. माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठे.

"काका, या पंपात एक दोष आहे. शोधायचा आणि काढायचा. तीस मिनिटं."

बाबांनी कान लावला. "दोष नाही, साहेब."

"नीट बघा."

"बघितलं की. पाणी ओढायच्या नळीचा जोड सैल होता. आवळला."

"कधी?"

"तुम्ही चहाला गेला होतात तेव्हा."

"अहो काका, परीक्षा अकराला सुरू होते!"

"ते पंपाला कुठं ठाऊक?"

परीक्षकांनी कपाळावर हात मारला. तो जोड त्यांनी स्वतः, सकाळी, नियमाप्रमाणे सैल केला होता. आणि डोळ्यांनी न पाहिलेल्या कामाला गुण देता येत नव्हते. माणूस वाईट नव्हता. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "असं करा, जोड परत सैल करा आणि माझ्यासमोर आवळा. पाच मिनिटांचं काम. तोवर मी पाठ फिरवतो."

आणि खरंच फिरवली.

बाबांनी जोडाला पाना लावला. माझा जीव त्या पान्याच्या दांड्याला टांगलेला. एक हिसका, की एक तारीख आमची. पंप चालला होता.

त्यांनी पाना काढून खिशात ठेवला.

"बाबा!"

"चालता पंप कधी बिघडवला नाही गं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता या वयात कुठनं शिकू?"

निकालपत्रात लिहिलं होतं: 'उमेदवारास दोष आढळला नाही.' त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

एक तारीख परवा आहे. बाबा रोजच्यासारखे डबा घेऊन कामावर गेलेत. आईने परवाच्या डब्याची भाजीही आणून ठेवली आहे. मी परीक्षा केंद्राकडे अर्ज केला आहे:

'महोदय, सदर पंप आपल्या आवारात अद्याप चालू आहे. कृपया एकदा जवळ जाऊन ऐकावा. तो ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी उमेदवारास नापास करावे. तोवर त्यांना पंपघरात बसू द्यावे, ही नम्र विनंती.'