फक्त शेपट्या टिपणारा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा ट्रॅप आहे आणि आधीच कबूल करतो, मी मोठा जळकुटा आहे. उबदार अंगाचे काही समोरून हलले की मी जागा होतो आणि आपोआप फोटो काढतो. फक्त जागे व्हायला मला जरा वेळ लागतो. तेवढ्यात जनावर पुढे निघून जाते आणि माझ्या वाट्याला शेपटी येते.

वनरक्षक मुसल्लमने मला सलाला शहरातल्या दुकानात निवडले, तेव्हा दुकानदार मोठमोठ्या आकड्यांचे कॅमेरे त्याच्यापुढे मांडत होता. मुसल्लमने आकडे विचारलेच नाहीत. माझ्या झाकणाचे रबर दाबून पाहिले आणि उन्हात बॅटरी किती टिकते तेवढे विचारले. मग डोंगरातल्या एका अरुंद घळीत, गुडघ्याइतक्या उंचीवर, सूर्य डोळ्यात येऊ नये म्हणून उत्तरेकडे तोंड करून त्याने मला खडकाला बांधले. समोरचे गवत उपटून टाकले, नाहीतर हलणाऱ्या गवताचेच हजार फोटो निघतात. सात वर्षे मी तिथे उभा होतो. बिबळीण माझ्यासमोरून तीनदा गेली. तीन शेपट्या मिळाल्या. त्यातली एक मुसल्लमने कौतुकाने चौकीच्या भिंतीवर लावली.

मग तो नवा आला. पापणी लवायच्या आत फोटो काढणारा. माझा खडक त्याला मिळाला, मी चौकीच्या फडताळात गेलो. पहिल्याच आठवड्यात त्याने बिबळीण टिपली, मिशांसकट, मागे दोन पिल्ले. मुसल्लमने माझी शेपटी उतरवली आणि त्याच खिळ्यावर तो फोटो टांगला. माझ्या डोळ्यांदेखत! त्याच्या पोटात मुंग्या शिरोत, त्याच्या काचेवर जाळे लागो, असे मी रोज म्हणत होतो.

एके दिवशी तुफूल खाला, साऱ्यांची मावशी, चौकीत आली. घळीच्या पायथ्याशी तिच्या शेळ्यांचे आवार आहे. मागे तिचा भाऊ बखीत होता. भिंतीवरचा फोटो पाहून खाला भडकलीच.

"माझी चार करडं खाल्ली हिनं. आणि तू हिला भिंतीवर मिरवतोस होय रे?"

"आता फोटोबिटो पुरे," बखीत म्हणाला. "शुक्रवारी मांसात विष घालून घळीत ठेवतो. ती जाईल आणि तिची पिल्लंही जातील."

मुसल्लमचा चेहरा उतरला. "खाला, शुक्रवारपर्यंत थांब. तुझ्या आवारात कॅमेरा लावतो. तिनंच नेली असतील तर मी तोंड उघडणार नाही."

"आणि माझ्या पोरी? त्या धारा काढायला येतात. त्यांचे फोटो तू बघणार?"

"नाही गं. आधी तू एकटीनं बघ. नको ते पूस, मगच आमच्या हातात दे."

नव्याला कोण हलवणार? मग मी आठवलो. आवाराच्या खांबाला मला बांधले. शेजारीच शेळ्यांना घालायच्या सुक्या माशांचे, तारल्यांचे, उघडे पोते होते. शेळ्या माझी काच चाटायच्या. मी फोटो काढायचो, त्यातही बहुतेक शेपट्याच. तिकडे तो मिशा टिपत असेल आणि मी इथे धारा पाहतोय, या विचाराने माझा जळफळाट होई. चौथ्या पहाटे करडे अचानक ओरडली. मी जागा झालो. नेहमीसारखा उशिरा.

शुक्रवारी खाला दगडावर बसून माझी बटणे दाबू लागली. मुसल्लम आणि बखीत पाठ करून उभे होते. बखीतच्या हातात विषाची पुडी होती. खाला शेळ्यांच्या फोटोंवर हसत होती, पोरींचे फोटो पुसत होती. एकदम तिचा अंगठा थांबला.

फोटोत करडाचे लोंबते पाय होते आणि एक शेपटी. बिबळिणीची लांब शेपटी नव्हे. आखूड, वर वळलेली, टोकाला पांढरी. तारल्यांच्या वासाने येणारा तो भटका कुत्रा, आणि खालाच त्याला रोज मूठभर तारल्या घालायची! साऱ्या डोंगराला तिने बिबळिणीचे नाव सांगितले होते. तिचा अंगठा पुसायच्या बटणावर होता आणि बघणारे कोणी नव्हते. पुसू नकोस, पुसू नकोस, असे मी मनात म्हणत होतो. बिबळिणीसाठी नव्हे, खोटे कशाला बोलू, माझ्या फोटोसाठी.

"बखीत, इकडे वळ," ती म्हणाली. "बिबळीण नाही, कुत्रा आहे. मीच पोसलाय त्याला."

"नुसत्या शेपटीवरून?"

"जन्म गेला माझा जनावरांत. शेपटी ओळखू नये? ती पुडी दे आधी मुसल्लमला."

तारल्या झाकणाच्या पिंपात गेल्या. कुंपणाचे भोक बुजवले. करडे जायची थांबली. मुसल्लम माझा पट्टा सोडायला आला. "चल म्हाताऱ्या, घळीत त्याच्या जोडीला लावतो तुला." मला आकाश ठेंगणे झाले.

"हात लावू नकोस," खाला म्हणाली. "हा आता आमचा राखणदार."

झाले! ज्या कौतुकासाठी जळलो, त्यानेच मला शेळ्यांपाशी बांधून टाकले. आता खाला रोज पदराच्या टोकाने माझी काच पुसते. परवा मुसल्लम सांगत होता की नव्याच्या काचेवर जाळे लागले आणि महिनाभर एकही फोटो धड आला नाही. मित्रांनो, मला आनंद झाला. तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही.

म्हणून एक विनंती. कॅमेरा घेताना तो कुठे उभा राहणार आहे ते आधी ठरवा. ठेवून देताना बॅटरी काढा. आणि कधी त्या घळीत गेलात तर त्या नव्याचीही काच पुसा. बिबळिणीचा नवा फोटो मिळाला की मुसल्लम तो खालाला दाखवायला माझ्यासमोरच उभा राहतो. तिची पिल्ले केवढी झाली, ते मला तेवढ्यातच दिसते.