तुंगीच्या बदल्यात रिव्हॉल्वर

"बांधा! म्हशीच्या दाव्याला आता ती बंदूक बांधा! न बसा खाली चरवी घेऊन, बगू किती लिटर देती!"

गुरम्माक्काचा आवाज थेट माझ्या रानातल्या आखाड्यापत्तुर आला. मी हरभऱ्याला पाणी देऊन राहिलो होतो. माझा न गुरुबसप्पा अप्पांचा बांध एकच. मनून त्यांचं भांडण मला फुकटात ऐकायला भेटतं, न मी बी कदी कान झाकून घेतले न्हाईत. पण त्या दिवशी अक्काचा आवाज भरून आला होता. मी खोरं तितंच टाकलं न बांध वलांडून गेलो.

बगतो तर अप्पा रिकाम्या दाव्यापशी उकिडवे बसलेले. अंगावर धोतर, कपाळाला इभूत, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, न कंबरंला कोरं करकरीत चामड्याचं पाकीट. पाकिटात रिव्हॉल्वर. साठी उलटलेला माणूस, जळकोटला आडतीचं दुकान, गावात वजन. मनून मी 'अप्पा अप्पा' करत असतो. त्या दिवशी मातर ते तोंडातून निघंना.

"व्यंकट, बरं झालं आलास," अक्का मनल्या. "बग ह्यांच्याकडं. आठ दिस झाले, रोज सकाळी उठून इतं येऊन बसायलेत. म्हैस स्वताच इकली न आता हात चोळायलेत!"

"हात न्हाई चोळायलो," अप्पा मनले. "सवय हाय बोटाला. जाईल हळूहळू."

तर झालं व्हतं असं. मंजुश्री मजी अप्पांची लेक. तिच्या लग्नात तिचा सासरा, उदगीरचे गुंडप्पा, कंबरंला रिव्हॉल्वर लावून आले. मांडवात जो तो त्यांच्या कंबरंकडंच बगायला. फोटोवाला बी नवरा-नवरी सोडून व्याह्याच्या कंबरंचे फोटो काढून राहिला. अप्पांनी जरीचा फेटा बांधला व्हता, त्याला कुणी इचारलं बी न्हाई. त्या दिवशी जे डोक्यात घुसलं ते घुसलं. लायसनसाठी अर्ज केला. कारण काय, तर रोकड घेऊन जावं लागतं, जिवाला धोका हाय. आता जळकोटात अप्पांच्या जिवाला धोका कुणाचा? शुगरचा! पण चार वर्षं खेटे घातले न मिळवलं बाबानं लायसन. त्यात लिवलेलं, अमुक दिवसांत हत्यार घ्या, न्हाई तर रद्द. अप्पांचा जीव वरखाली व्हायला लागला. रोकड कमी पडायली, न गोठ्यात उभी व्हती तुंगी.

तुंगी मजी अक्काच्या माहेराहून आलेल्या म्हशीची नात. तिला खाऊ घालायचं, धुवायचं, शिंगाला तेल लावायचं, सगळं अक्काकडं. पण बया पान्हा सोडायची ती अप्पांच्याच हाताला. दुसरा बसला की चरवी एकीकडं न माणूस दुसरीकडं. एक डाव मी बसलो व्हतो. माझी मांडी पंधरा दिस काळीनिळी व्हती. अक्का लेकीकडं उदगीरला गेल्या न अप्पांनी तेवढ्यात मुखेडकडच्या साहेबरावाला तुंगी देऊन टाकली. अर्ध्या तासात सौदा. ह्यात माझी बी चूक हाय, टेंपोत चढवताना मागून ढकलायला मीच व्हतो.

रिव्हॉल्वर आणायला नांदेडला बी मीच संगट गेलो. दुकानदार म्हातारा, लई अदबीचा माणूस. त्यानं मखमलीवर तीन-चार ठेवले. अप्पांनी त्यातलं एक उचललं, बाजूला पडणारं गोळ्यांचं चक्कर उघडलं न बैलबाजारात दात बगत्यात तसं सहाबी घरं मोजून बगितली. मग हातावर तोललं, उलटं केलं, खाली वाकून बगितलं. मला वाटलं, आता शेपूट धुंडायलेत.

"ह्यो डबल अ‍ॅक्शन हाय काका," दुकानदार मनला. "घोडा अंगठ्यानं वढायची गरज न्हाई. ट्रिगर दाबत जा, घोडा आपोआप उठतो न आपोआप पडतो. जरा जड जातो दाबायला, पण भरवशाचा."

"न नेम?"

"फिक्स साइट. पुढं नळीवर ही माशी, मागं ही खाच. खाचंत माशी धरायची. दोन्ही कारखान्यातून आली तशीच राहतेत, हलत न्हाईत. गोळी खाली गेली तर बंदुकीत काई फिरवायचं न्हाई काका. माणूस दुरुस्त करायचा."

अप्पांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी ते लिंगपूजेच्या पाटाजवळ ठेवलं न त्याला इभुतीचे तीन पट्टे वढले. अक्कानं दाराआडून बगितलं न मनल्या, "आता हिचं बारसं कदी?"

तर त्या सकाळी दाव्यापशी भांडण इतं आलं व्हतं. अक्कानं पदर खोचला न मनल्या, "व्यंकट, तू साक्षीला. ह्यांना साधी एक गोळी उडवायला येती का इचार. न्हाई येत! गुंडप्पा व्याही मनायलेत ना, विष्णुपुरीकडं एका रिटायर फौजीचं बंदूक चालवायला शिकवायचं मैदान हाय? चला तितं. सहा गोळ्या. नेमाच्या पाटीला एक जरी लागली, तर मी तोंडातून सबुद काढणार न्हाई. न्हाई लागली, तर हे डबडं इका न माझी तुंगी माझ्या दाव्याला आणा."

"सहात एक?" अप्पा हसले. "गुरम्मा, तुंगीचं नाव इसर तू."

"लिंगाला हात लावून सांगा."

अप्पांनी पेटीला हात लावला. आता ह्याच्यापुढं बोलायला जागा राहिली न्हाई.

आइतवारी माझ्या जीपात आमी तिघं निघालो. गुंडप्पा व्याही उदगीराहून आपल्या गाडीनं आले. त्यांना कुणी बोलावलं न्हवतं, पण मजा बगायची ते सोडत न्हाईत. मैदान मजी एक पडीक रान, मागं मातीचा उंच ढिगारा, त्याच्या पुढं लाकडाची छातीएवढी पाटी, त्यावर काळा गोळा. शिकवणारा तोच रिटायर फौजी, बजरंग हवालदार. मिशी मोठी, आवाज त्याच्याहून मोठा. त्यानं रिव्हॉल्वर हातात घेतलं, माशीवर बोट फिरवलं न बोट नाकाला लावलं.

"हे काय लावलंव?"

"इभूत."

"खाच सगळी बुजलीय की वो! नेम कुटून धरणार?" त्यानं फडक्यानं पुसलं. अप्पांचं तोंड पडलं. गुंडप्पा गालात हसले.

मग नियम सांगितले. नळी पुढंच. बोट ट्रिगरवर सांगितल्याबिगर जाणार न्हाई. कानात बोळे. अप्पा दहा पावलांवर उभे राहिले, धोतराचा सोगा खोचला, हात पुढं केला.

धाड! अगाई आई, काय आवाज! बाभळीवरचे कावळे सगळे उठले. पाटी जशीच्या तशी. पाटीच्या खाली हातभर मातीत धूळ उडाली.

"खाली गेली. घाई नका करू," हवालदार मनला.

दुसरी. परत खाली. तिसरी तर इतकी जवळ मातीत गेली की खडे आमच्या पायापत्तुर आले. हवालदार जवळ जाऊन अप्पांच्या मुठीकडं बगायला लागला. चौथी. परत तेच.

"थांबा थांबा," तो मनला. "काका, तुमी ट्रिगर दाबून न्हाई राहिले. तुमी पाची बोटं एकदम आवळून राहिले. मूठ आवळली की नळी खाली जाती. एकच बोट हलवा. ग्रिप स्टेडी, ट्रिगर प्रेस, ब्रीदिंग कंट्रोल!"

अप्पांनी सगळ्याला 'हाव' मनलं न पाचवी बी मातीत घातली.

आता गुंडप्पाला हसू आवरंना. पोट धरून हसायला लागले. "व्याही," मनले, "तुमी गोळी मारायलाव का म्हैस पिळायलाव?"

हवालदार हसला. मी बी हसलो, खोटं कशाला सांगू. पाची बोटं वरून खाली, वरून खाली. तीस वर्षं ज्या हातानं दोन्ही वक्ताला धार काढली तो हात दुसरं काय करणार? तुंगी गेली तरी बोटं तिचीच व्हती. अप्पांचे कान लाल झाले. त्यांनी हात खाली घेतला. एक गोळी राहिली व्हती.

मी अक्काकडं बगितलं. बाई जितली व्हती. नुसतं गप उभं राहायचं व्हतं. एक गोळी मातीत जाणार न तुंगी घरी येणार. पर अक्का हसत न्हवत्या. त्या गुंडप्पाकडं बगायल्या व्हत्या, न गुंडप्पा खिशातून फोन काढून मनून राहिले व्हते, "घरी दाखवतो, सगळ्यांना दाखवतो."

घरी मजी मंजुश्रीच्या सासरी. तितं हे सगळे बसून बगणार, न पोरगी चहाचा ट्रे घेऊन उभी राहणार.

अक्का निघाल्या त्या सरळ अप्पांपशी. हवालदार ओरडला, "बाई, मागं व्हा!" अक्कानं त्याच्याकडं नुसतं बगितलं. तोच मागं झाला.

"ऐका," अक्का अप्पांच्या कानातला बोळा काढून हळू मनल्या. मी जवळ व्हतो मनून ऐकू आलं. "म्हैस आटत आली की शेवटची धार कशी काढताव? मुठीनं काढताव?"

"न्हाई. चिमटीनं."

"मग? बाकीची बोटं झोपू द्या. मूठ नुसती धरायची, पिळायची न्हाई. एकच धार राहिलीय, ती एका बोटानं हळू निपटून काढा. चरवीत आवाज आला पायजे एवढंच."

अप्पांनी त्यांच्याकडं बगितलं. "गुरम्मा, लागली तर तुंगी गेली."

"मला ठाव हाय. माझ्या माणसाला हसायचं काम माझं हाय, त्यांचं न्हाई. मारा!"

अप्पांनी हात वर केला. डोळा खाचंत, खाच माशीवर. बोट वळत गेलं, हळू, लई हळू. घोडा उठताना मला दिसला. 

धाड!

पाटी हलली. काळ्या गोळ्याच्या बाहीर, कडंला, पण पाटीत भोक पडलं. आरपार उजेड दिसत व्हता. हवालदारानं टाळी वाजवली. "अरे वा! बाई, तुमी कोण्या पलटणीत व्हत्या?" गुंडप्पानं फोन खिशात घातला न काम हाय मनून निघून गेले. मी नाचायचाच राहिलो व्हतो, पण अक्का जीपात जाऊन बसल्या न पदरानं डोळे पुसायल्या, मनून मी सरळ जीप चालू केली.

परतताना अप्पा मान खाली घालून बसले. जितलेला माणूस इतका पडेल तोंडाचा मी कदी बगितला न्हाई. अर्ध्या वाटंवर अप्पा मनले, "व्यंकट, साहेबरावाच्या आखाड्यावरून घे."

"कशाला?"

"घे मनलं की घे."

साहेबराव लंगडत बाहीर आला. गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं. अप्पांना बगून हात जोडून मनला, "अप्पा, ही म्हैस हाय का फौजदार? मला मारलं, बायकोला मारलं, डागदराला मारलं. घोटभर दूध न्हाई इतक्या दिसांत!"

तुंगीनं अप्पांचा आवाज ऐकला न दावं ताणलं. अप्पांनी इचारलं न्हाई, सवरलं न्हाई, कंबरंचं पाकीट सोडून माझ्या हाती दिलं न साहेबरावाची चरवी घेऊन खाली बसले. अक्कानं तिच्या मानंला मिठी घातली. पयली धार चरवीत वाजली. मग दुसरी. मग काई इचारू नका, फेस वर आला.

तेवढ्यात अप्पांच्या खिशात फोन वाजायला लागला. दोन्ही हात गुंतलेले, मनून मी काढला. गावचा पोलीस पाटील. "अप्पांना सांगा, झेडपीच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली. लायसनवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची. आजच."

"अप्पा," मी मनलो, "रिव्हॉल्वर जमा करायचंय मनं ठाण्यात."

अप्पांनी मान बी वर केली न्हाई. "ओरडू नको. पान्हा मोडंल."

साहेबराव चरवीकडं बगत व्हता. शेवटी त्यानंच तोंड उघडलं. "अप्पा, अर्धलीनं सांभाळा की हिला. म्हैस माझी, दावं तुमचं. दूध तुमच्या घरी. व्याली की रेडकात निम्मं माझं. माझा गुडघा तरी वाचंल."

अर्धलीचा रिवाज आमच्याकडं जुना हाय, पण आपलीच इकलेली म्हैस अर्धलीनं घरी आणलेला माणूस मी अप्पांशिवाय दुसरा बगितला न्हाई. दुसऱ्या दिवशी टेंपो आणला. ह्या डावाला बी ढकलायला मीच, पण तुंगी आपल्या पायानं चढली.

रिव्हॉल्वर ठाण्यात गेलं, पावती घरी आली. झेडपी झाली, तर नगरपंचायत लागली. मदी आठ दिस घरी आलं, पुसलं, इभूत लावली (खाच सोडून), तवर ग्रामपंचायत. अप्पांना वाईट वाटतं. वरून दाखवत न्हाईत, पण गुंडप्पांच्या घरी लग्नकार्य असलं की रिकामं पाकीटच कंबरंला लावून जातेत. बटण बंद ठेवतेत.

परवा धार काढता काढता मला मनले, "व्यंकट, आता कोणची निवडणूक राहिली रं? एक डाव घरी येऊन राहू दे ना तिला."

अक्का तुंगीच्या पुढं पेंड ठेवून राहिल्या व्हत्या. मागं न बगता मनल्या, "राहू द्या वो ठाण्यातच. तितं तिला चारा तर घालावा लागत न्हाई."