पाटलांच्या चुलीवरून गेलेली सरहद्द

महिपतचा चेंडू चुकला आणि नागोराव पाटलांची चूल एका राज्यात, गोठा दुसऱ्या राज्यात गेला. पण असं काही झालंच नाही, हे गावानं ठरवून टाकलं आहे. तेव्हा आपणही झालं नाही असंच धरून चालू.

साल छप्पन्न. हैदराबाद राज्याचे तुकडे व्हायचे होते. किनवट मराठी मुलखात जाणार, बोथ तेलुगू मुलखात, अशी बातमी होती. मधल्या आपल्या गावाचं काय, हे कुणी सांगेना. पाटलांची लेक वनमाला किनवटला दिलेली. लेकीला भेटायला परराज्यात जायचं, या धास्तीनं पाटलांना भाकर गोड लागेना.

अशात बेल्लमपल्लीहून महिपत परतला. तिथल्या खाणीच्या गोऱ्या साहेबांना तो गोल्फ शिकवायचा. साहेब विलायतेला गेले, महिपत उरला.

"काऊन बे महिपत्या, पगार कायचा भेटे तुले?" पाटलांनी विचारलं.

"खेळाचा, पाटील. काठीनं चेंडू मारायचा."

पाटलांना संशय आला. खेळायचा पगार मिळतो म्हणणारा माणूस एक तर खोटारडा, नाही तर सरकारी.

दुसऱ्या दिवशी महिपतनं गायरानात झेंडी रोवली, पावलं मोजत मागे आला, जमिनीत बारीक खुंटी खोचली आणि एक डोळा मिटून झेंडीकडे पाहिलं. पाटलांचा संशय पक्का झाला. झेंडी, खुंटी नि मिटलेला डोळा, हे तिन्ही त्यांनी आजवर फक्त जमीन मोजणाऱ्याजवळ पाहिलं होतं.

"सरहद्द आखून राह्यला हा," त्यांनी चावडीत सांगितलं. "चेंडू पडते तिथं राज्य सरते."

तोवर गावाचा लाडका होता धोंडीबा पैलवान; गाव त्याला रोज दूध घाली. त्या सांजेला त्याचं दूध महिपतच्या घराकडे वळलं.

"आवो, हा निस्ता खेळ आहे!" महिपत कळवळून सांगे.

"मोठा हापिसर कदी कबूल करते का?" गाव म्हणे आणि वर तूप धाडी.

शेवटी पाटील स्वतः गेले. "महिपतराव, गावाच्या किनवटकडल्या अंगाला उभे राहा आन् बोथच्या सडकेपल्याड मारा. गाव सारं आपल्याकडे येते."

"सडक लय दूर आहे, पाटील."

"धोंडीबाचं दूध पेऊन राह्यले ना? मंग?"

सारं गाव जमलं. महिपतनं काठी फिरवली. चेंडू आभाळात चढला, माना वर झाल्या, आणि मग कुणाच्या तरी छपराचं कवेलू फुटल्याचा आवाज आला. पाटलांच्या घरातून रेणुकाबाई चेंडू घेऊन बाहेर आल्या.

"चुलीपाशी पडलं हे! कोन्या मेल्याचं आहे?"

"कोनाचंच नाय," सारं गाव एका सुरात म्हणालं. "काई पडलंच नाय."

सांजेला दूध धोंडीबाकडे परत गेलं. महिपतची पत आता धोंडीबाच्या लंगड्या बैलाहून खाली होती. एकट्या पाटलांना चैन पडेना. गोठा किनवटकडे, चूल बोथकडे. त्यांनी अर्ज लिहवला:

"मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे हुजूर. इसम महिपत याचा चेंडू अर्जदाराचे घरात पडलेला नाही. तरी पडलाच असल्यास तो रद्द समजून सदर इसमास एक चेंडू पुन्हा मारण्याची मंजुरी मिळावी. आणि त्या वेळी वारा किनवटकडून बोथकडे सोडणेबाबत संबंधितांस सक्त हुकूम व्हावा."